फोनवर नेट चालते, मग टीव्हीच्या स्टिकवरच का तुटते?

शिवाजी पेठेत राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घर जुने, दगड-विटांचे. फायबरचा राउटर खाली सोप्यात आणि टीव्ही माडीवरच्या खोलीत. टीव्हीला लावलेली स्ट्रीमिंग स्टिक दिवसा ठीक चालते, पण रात्री आठनंतर दर दहा-पंधरा मिनिटांनी चित्र थांबते, मधोमध गोल फिरत राहते आणि कधी कधी ‘वायफाय जोडलेले आहे, इंटरनेट नाही’ असा संदेश येतो. त्याच खोलीत, त्याच वेळी, हातातल्या फोनवर मात्र सगळे सुरळीत असते. कनेक्शन देणाऱ्यांच्या सल्ल्याने त्यांनी १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा करून घेतला, नंतर एका परिचिताच्या सांगण्यावरून रिपीटरही (वायफायची रेंज पुढे नेणारी डबी) आणला, आणि तक्रार आहे तिथेच आहे. आता नवा राउटर घ्यावा की स्टिकच बदलावी, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

माझे उत्तर असे की तूर्त दोन्ही घेऊ नका. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत घरगुती नेटवर्क बसवण्याचे आणि बिघडलेले मार्गी लावण्याचे काम मी सतरा वर्षे करतो आहे, आणि या तक्रारीत लोकांचे पैसे वाया जातात ते बिघाड कुठे आहे हे कळण्याआधीच वस्तू आणल्यामुळे. तुमचा प्रश्न वेगाचा नाहीच. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या शिफारशीप्रमाणे १०८०पी चित्राला ५ एमबीपीएस आणि ४के चित्राला १५ एमबीपीएस पुरतात. त्यामुळे १०० च्या प्लॅनवर जे होत होते ते २०० ने थांबण्याचे काही कारणच नव्हते. प्रश्न जोडणी तुटण्याचा आहे, आणि ती नेमकी कुठे तुटते हे शोधायचे आहे. स्टिकपासून राउटरपर्यंतची हवा, राउटरपासून बाहेर जाणारी तार, आणि खुद्द स्टिक, या तिघांपैकी एकजण दोषी असतो. कधी कधी दोघे मिळून.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. घर न पाहता मी खात्रीने निदान करू शकत नाही. भिंत एक फुटाची आहे की दोन फुटांची, शेजारी किती राउटर आहेत, तुमचा राउटर वायफायच्या दोन्ही बँडचा, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही लहरीपट्ट्यांचा, आहे की फक्त २.४ चा, स्टिक कोणत्या पिढीची आहे, यांवर उत्तर बरेच बदलते. म्हणून मी कोणत्या क्रमाने आणि का तपासतो ते सांगतो. तुमच्या घरातले आकडे तुम्हालाच काढावे लागतील.

पहिल्यांदा फोनच्या साक्षीबद्दल. ‘फोनवर तर चालते’ हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळते आणि ते जवळजवळ प्रत्येक वेळी दिशाभूल करते. एक तर वायफाय अडखळले की आजचे बरेचसे फोन न सांगता मोबाइल डेटावर जातात. मोबाइल डेटा बंद करून तपासल्याशिवाय त्या साक्षीला अर्थ नाही. दुसरे म्हणजे फोन तुम्ही खोलीच्या मध्यभागी, हातात, मोकळ्या हवेत धरलेला असतो. स्टिक मात्र टीव्हीच्या पाठीमागे, पॅनेलच्या धातूच्या पत्र्याला चिकटून, भिंतीपासून दोन-तीन बोटांवर अडकलेली असते. तिसरे, अंगठ्याएवढ्या डबीत अँटेनाला जागा ती किती असणार! खोली एकच असली तरी रेडिओच्या दृष्टीने या दोन निराळ्या जागा आहेत.

हे किती खरे आहे ते मंगळवार पेठेतल्या एका घरात मला प्रत्यक्ष मोजता आले. टीव्ही भिंतीवरच्या ब्रॅकेटला होता. तो हाताने पुढे ओढून पाहिला तर स्टिक थेट एचडीएमआयच्या भोकात खोचलेली, तिच्या एका अंगाला पत्रा, दुसऱ्या अंगाला सेट-टॉप बॉक्सच्या तारांचा जुडगा, आणि हात लावताच चटका बसावा इतकी ती गरम. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकल्यावर उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर) जोडलेल्या उपकरणांच्या यादीत तिच्यासमोर उणे ७६ डीबीएम असा आकडा दिसत होता. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचे माप; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. स्टिकच्या खोक्यात एचडीएमआयची वीतभरसुद्धा नसलेली एक छोटी तार येते, जी बहुतेक लोक न वापरता खोक्यातच ठेवून देतात. ती शोधून काढली, तिच्या टोकाला स्टिक लावली आणि टीव्हीच्या खालच्या कडेबाहेर डोकावेल अशी लोंबती सोडली. आकडा उणे ६४ झाला. हा १२ डेसिबलांचा फरक म्हणजे सिग्नलची ताकद जवळजवळ सोळापट, आणि खर्च शून्य. हे आकडे वाचण्याची माझी ढोबळ रीत अशी: उणे ५० ते उणे ६० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ निर्धास्त, उणे ७० च्या पलीकडे तक्रार येणारच, आणि उणे ८० म्हणजे जोडणी केवळ नावाला. फायर टीव्हीच्या स्टिकवर सेटिंग्जमधल्या नेटवर्क यादीत आपल्या वायफायच्या नावावर येऊन रिमोटचे प्ले-पॉजचे बटण दाबले की सिग्नलची अवस्था दिसते. इतर स्टिक आणि टीव्हीवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये निदान कांड्या तरी दिसतात.

दुसरी तपासणी विजेची, आणि इथे मला माझीच एक चूक सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी कसबा बावड्यातल्या एका बंगल्यात अगदी तुमच्यासारखीच तक्रार होती. मी राउटर जुना आहे असे ठरवून टाकले, नवा बसवला, पैसे घेतले आणि परत आलो. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला की चित्र पुन्हा अडकते. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा कुठे लक्षात आले की स्टिकला वीज टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमधून दिली होती. साध्या यूएसबी २.० पोर्टकडून ५०० मिलीअँपियरचीच हमी असते, तर स्टिकसोबत येणारा ॲडॉप्टर साधारणपणे ५ व्होल्ट १ अँपियरचा असतो. मेनूमध्ये फिरताना स्टिकला फारशी वीज लागत नाही. मोठे चित्र उलगडणे आणि वायफायवर बोलणे एकाच वेळी सुरू झाले की मागणी वाढते, व्होल्टेज खाली येते आणि पहिला जीव जातो तो वायफायच्या चिपचा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की रेंज गेली. स्टिकचा मूळ ॲडॉप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावला आणि तक्रार कायमची बंद झाली. राउटरचे पैसे मी त्यांना परत दिले, तेव्हापासून मी कोणत्याही घरात आधी स्टिकची तार कुठे जाते ते पाहतो. मोबाइलच्या जुन्या चार्जरच्या, हातभर लांब, सैल पडलेल्या तारेनेही हाच प्रकार होतो.

या दोन गोष्टी आज रात्रीच करून घ्या. त्यांना पैसे लागत नाहीत, आणि त्या केल्याशिवाय पुढची मोजमापे फसवी निघतात.

आता तुटण्याचा क्षण. चित्र थांबले की आपण सवयीने राउटरचे बटण बंद-चालू करतो, आणि बहुधा चालतेही. पण त्याने पुरावा पुसला जातो. राउटर नव्याने सुरू होताना पुन्हा चॅनल, म्हणजे बँडमधली आपली बोलण्याची पट्टी, निवडतो, सगळ्या उपकरणांना नेटवर्कमधले पत्ते (आयपी ॲड्रेस) नव्याने वाटतो, बाहेरच्या तारेची जोडणीही नव्याने करतो, आणि या तीन गोष्टींपैकी कोणत्या गोष्टीने काम झाले ते कोणालाच कळत नाही. म्हणून पुढच्या वेळी बटणाला हात लावण्यापूर्वी दोन मिनिटे थांबा. राउटरवर लाल दिवा लागला आहे का ते पाहा. मोबाइल डेटा बंद केलेला फोन टीव्हीच्या मागे, स्टिकच्या शेजारी धरून एखादे पान उघडते का ते पाहा. आणि घड्याळातली वेळ एका कागदावर लिहा. चार-पाच दिवसांच्या अशा वेळा हाती आल्या की अर्धे निदान तिथेच होते. एका घरात सगळ्या वेळा साडेआठ ते नऊच्या होत्या आणि प्रत्येक खंड दोन-तीन मिनिटांचाच होता; रात्रीचे जेवण गरम करायला मायक्रोवेव्ह ओव्हन लावला जाई तेव्हाच्या त्या वेळा होत्या. हा ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे २.४ च्या वायफायच्या मधोमध, आणि राउटर स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून होता.

तुमच्या वर्णनात ‘रात्री आठनंतर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, पण त्यांचे दोन अर्थ होऊ शकतात. त्या वेळी गल्लीतले सगळे राउटर एकदम कामाला लागतात, त्यामुळे हवा गर्दीची होते. आणि त्याच वेळी कनेक्शन देणाऱ्याची पुढची लाईनही भरते. लक्षण एकच, उपाय वेगळे. हे वेगळे करण्यासाठी मी पिंग वापरतो, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येते ते मोजणारी संगणकावरची आज्ञा. लॅपटॉप माडीवर टीव्हीजवळ ठेवून वायफायला जोडा आणि दोन खिडक्या उघडा: एकीत राउटरच्या पत्त्याला, जो बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो, आणि दुसरीत ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला सतत पिंग लावा. राउटरकडून उत्तर एरवी दोन-पाच मिलीसेकंदांत येते. चित्र थांबते त्या वेळी राउटरचेच उत्तर दोनशे-तीनशेवर गेले किंवा येईनासे झाले, तर दोष घरातल्या हवेचा आहे आणि कनेक्शन देणाऱ्याशी भांडून उपयोग नाही. राउटर शांतपणे तीन-चारवर उत्तर देतो आहे आणि फक्त बाहेरचा पत्ता अडखळतो आहे, तर दोष तारेचा किंवा तिच्या पुढचा आहे आणि मग राउटर-स्टिक बदलून काहीही होणार नाही. दोन्ही ठीक असूनही चित्र थांबले, तर संशय स्टिकवरच. याहून नेमकी चाचणी हवी असेल तर लॅपटॉप खाली राउटरला लॅनच्या तारेने जोडा, स्टिकच्या माहितीच्या पानावर तिचा पत्ता पाहा, आणि चित्रपट चालू असताना थेट स्टिकलाच पिंग लावा. ही मला सगळ्यात आवडणारी चाचणी आहे, कारण तिच्यात लॅपटॉपचे वायफाय मधे येत नाही.

इथे एक उपप्रश्न नेहमी येतो: चित्रपट न अडकता चालतो, पण थेट सामना मात्र अडकतो, असे का? स्टिक चित्रपटाचे काही सेकंदांचे तुकडे आधीच उतरवून साठवून ठेवते. मधे वीस सेकंद जोडणी गेली तरी साठ्यावर निभावते. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा सामना थेट पाहताना पुढचे तुकडे अजून तयारच झालेले नसतात, त्यामुळे साठा फार तोकडा असतो आणि तेवढाच खंड लगेच डोळ्यांना दिसतो. म्हणजे जोडणी दोन्ही वेळा तुटत असते, चित्रपट ती झाकून नेतो. तपासणी करायची तर थेट प्रक्षेपण लावूनच करावी.

समजा दोष हवेचा निघाला, आणि तुमच्या वर्णनावरून मला तोच निघेल असे वाटते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये भारतात १ ते १३ असे चॅनल वापरता येतात, पण ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एकमेकांना धक्का न लावणारे तीनच उरतात: १, ६ आणि ११. राजारामपुरीतल्या एका फ्लॅटमध्ये मी फोनवरच्या ॲपने पाहिले तर सव्वीस नेटवर्क दिसत होती आणि त्यांतली सगळी याच पट्टीत होती. एका चॅनलवर एका वेळी एकालाच बोलता येते; बाकीच्यांनी ऐकत थांबायचे असते. त्यामुळे शेजाऱ्याच्याच चॅनलवर असणे वाईट, पण ३ किंवा ८ असा मधला चॅनल घेणे त्याहून वाईट. कारण त्याच चॅनलवरचे राउटर एकमेकांचे ऐकून पाळी तरी लावतात, अर्धवट गुंतलेल्यांना मात्र एकमेकांचे बोलणे म्हणजे नुसता गोंगाट वाटतो. म्हणून ॲपमध्ये पाहून १, ६, ११ पैकी जिथे सर्वांत कमी आणि दुबळी नेटवर्क असतील तो चॅनल राउटरच्या पानावर हाताने ठरवा, आणि चॅनलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ करा. रुंदी कमी केल्याने स्पीड टेस्टचा आकडा घटेल, चित्र मात्र थांबायचे कमी होईल. आणि आपल्याला हवे आहे ते चित्र. चॅनल ‘ऑटो’वर ठेवल्यास आणखी एक छुपी अडचण येते: राउटर कधी १२ किंवा १३ वर जाऊन बसतो, आणि मुलाने अमेरिकेहून आणलेल्या स्टिकला ते चॅनल दिसतच नाहीत. मग त्या घरात ‘काही दिवस नेट असते, काही दिवस नसते’ अशी तक्रार असते आणि कोणाला काही कळत नाही.

राउटरच्या आसपास काय ठेवले आहे तेही पाहा. लोखंडी कपाटाच्या माथ्यावर, टीव्हीच्या मागे किंवा माशांच्या टाकीशेजारी ठेवलेला राउटर मी रोज पाहतो. राउटरच्या कुशीत यूएसबी ३.० ची हार्डडिस्क लावलेली असेल तर ती दूर करा. त्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झजवळ गोंगाट निघतो हे इंटेलनेच २०१२ साली आपल्या टिपणात मांडले होते. ब्लूटूथ हेडफोन लावून टीव्ही पाहत असाल तर तेही याच पट्टीत बोलत असतात.

‘सरळ ५ गिगाहर्ट्झवर जा’ हा सल्ला तुम्हाला कोणीही देईल, आणि ताराबाई पार्कातल्या नव्या फ्लॅटमध्ये मीही तोच देतो. तिथे चॅनल भरपूर, गर्दी कमी; २०१८ च्या अधिसूचनेनंतर तर या बँडमधले आणखी पट्टे आपल्याकडे परवानामुक्त झाले. पण शिवाजी पेठेतल्या दगडी भिंतीला तो सल्ला चालत नाही. लहरी जितक्या आखूड तितक्या त्या भिंतीत जास्त मुरतात, २.४ च्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, ५ च्या लहरीची त्याच्या निम्म्याहूनही कमी. दीड फूट भिंत आणि वर माडीची जमीन ओलांडताना ५ गिगाहर्ट्झचा जीव संपतो. पावसाळ्यात जुन्या भिंती ओल धरतात तेव्हा परिस्थिती आणखी बिघडते. ‘जुलै लागला की वरच्या मजल्यावर नेट जाते’ असे पंचगंगेच्या बाजूच्या एका आजोबांनी मला सांगितले तेव्हा मुलगा हसला होता, पण आजोबांचे निरीक्षण बरोबर होते.

त्यात दोन्ही बँडना एकच नाव दिलेले असेल तर स्टिक दोहोंत हेलकावे खाते: ५ पकडते, रेंज जाते, २.४ कडे वळते, आणि त्या वळण्याच्या काही सेकंदांत चित्र थांबते. म्हणून राउटरच्या पानावर दोन बँडना वेगळी नावे द्या आणि एकेक रात्र स्टिक एकेकावर ठेवून पाहा. ५ वर ठेवताना चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी निवडा. ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारची चाहूल लागली तर राउटर ते तात्काळ सोडतो आणि त्यांवर बसण्याआधी निदान एक मिनिट नुसता ऐकत राहतो. शिवाय काही स्टिक हे चॅनल वापरतच नाहीत.

रिपीटरबद्दल थोडे कडक बोलतो. तुम्ही तो कुठे लावला आहे ते लिहिलेले नाही, पण बहुतेकजण टीव्हीशेजारच्या सॉकेटला लावतात, म्हणजे जिथे रेंज मरते नेमके तिथे. रिपीटर ऐकलेलेच पुन्हा सांगतो. त्याला नीट ऐकूच येत नसेल तर तो पुढे काय सांगणार? तो जिन्याच्या मध्यावर, राउटरकडून निदान उणे ६० मिळेल अशा जागी हवा. तिथेही एकाच बँडचा रिपीटर ऐकणे आणि बोलणे एकाच चॅनलवर आळीपाळीने करतो, त्यामुळे निम्मा वेग तिथेच जातो. गर्दीच्या गल्लीत गर्दी वाढवणारे आणखी एक तोंड आपण लावतो, असे माझे मत. तूर्त तो काढून ठेवा आणि सगळ्या चाचण्या त्याच्याशिवाय करा.

‘जोडलेले आहे, इंटरनेट नाही’ या संदेशाचे आणखी एक कारण रिपीटर किंवा जुना राउटर जोडलेल्या घरांत सापडते. घरात पत्ते वाटणारा एकच हवा. जुना राउटर ‘वाया कशाला घालवायचा’ म्हणून वर लावला आणि त्याचे पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, बंद केले नाही, तर दोघेही पत्ते वाटत बसतात. स्टिकला बाहेर जायला कधी खरा दरवाजा मिळतो, कधी भिंतीवर नुसता रंगवलेला. फोन मोठ्या राउटरकडून पत्ता घेतो म्हणून चालतो, स्टिक दुसऱ्याकडून घेते म्हणून अडते. दुसऱ्या राउटरवर डीएचसीपी बंद करून, त्याला १९२.१६८.१.२ असा वेगळा पत्ता देऊन, तार त्याच्या वॅनच्या (बाहेरून येणाऱ्या तारेच्या) भोकाऐवजी लॅनच्या (घरातल्या तारांच्या) भोकात लावली की हा गोंधळ संपतो.

विजेचा आणखी एक मुद्दा उन्हाळ्यात पुढे येतो. वळवाच्या पावसात लाईट जाते, इन्व्हर्टर क्षणभराने चालू होतो, आणि त्या क्षणात राउटर बंद पडून पुन्हा उठतो. टीव्हीवर पाहणाऱ्याला दिवा फक्त लुकलुकल्यासारखा वाटतो, पण फायबरची जोडणी परत यायला दोन-तीन मिनिटे जातात. स्टिक त्याआधीच तयार होऊन ‘इंटरनेट नाही’ म्हणत बसते आणि कधी कधी तशीच राहते. तिची तार काढून पुन्हा लावावी लागते. तुमच्या नोंदीतल्या वेळा लाईट जाण्याशी जुळत असतील तर राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस (लाईट गेल्यावर राउटर चालू ठेवणारी बॅटरीची डबी) घ्या, मात्र राउटरच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपियर वाचून. १२ व्होल्टच्या राउटरला ९ व्होल्टचा जोडून ‘चालत नाही’ म्हणून परत आणणारे मी पाहिले आहेत.

पिंगच्या चाचणीत दोष बाहेरचा निघाला तर कनेक्शन देणाऱ्याला ‘नेट स्लो आहे’ असे सांगू नका. पलीकडचा माणूस तुम्हाला स्पीड टेस्ट करायला सांगेल, ती बरोबर येईल आणि तक्रार बंद होईल. ‘राउटरचे पिंग तीन मिलीसेकंद आहे, बाहेरचे अमुक वाजून अमुक मिनिटांनी बंद पडते’ असे वेळांसकट सांगा. फायबरच्या डब्याला मिळणारा प्रकाश किती आहे तेही विचारा, किंवा राउटरच्या पानावर स्वतः पाहा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम असेल तर चिंता नाही. उणे २७ च्या आसपास तो डबा जेमतेम ऐकत असतो, आणि तिथे टोकाच्या कनेक्टरवरची धूळ किंवा कपाटामागे दुमडलेली पिवळी तारसुद्धा जोडणी पाडायला पुरते. ती तार चहाच्या बशीपेक्षा लहान गोलात कधी गुंडाळू नये.

तुमच्या घराच्या बाबतीत माझा अंदाज असा आहे. स्टिक बाहेर काढली, ॲडॉप्टर भिंतीला लावला आणि चॅनल ठरवला की तुटणे बरेच कमी होईल, पण दगडी भिंतीपलीकडे माडीवर आकडा उणे ७० च्या आत येईलच असे नाही. आला तर एक पैसाही खर्च करू नका. नाही आला तर राउटर किंवा स्टिक न बदलता खालून वर एक कॅट ६ ची, म्हणजे लॅनची, तार न्या. तार १०० मीटरपर्यंत काही त्रास देत नाही, तुम्हाला पंधरा-वीस मीटर लागेल. तिच्या वरच्या टोकाला, घरात एखादा जुना राउटर पडून असेल तर तो, वर सांगितल्याप्रमाणे डीएचसीपी बंद करून, माडीवरच्या खोलीत लावा. आता ५ गिगाहर्ट्झला भिंत ओलांडायचीच नाही, त्यामुळे तिथे तो बिनदिक्कत वापरा. किंवा स्टिकला मिळणारा लॅनचा छोटा ॲडॉप्टर घेऊन तार थेट तिलाच जोडा. तो १०० एमबीपीएसचाच असतो म्हणून नाक मुरडू नका. ४के ला १५ लागतात.

तार टाकणाऱ्याला दगडी भिंतीत ड्रिल मारू देऊ नका. जुन्या घरांत जिन्याच्या लाकडी चौकटीशेजारी किंवा जुन्या लाईट फिटिंगच्या पट्टीजवळ बहुधा वाट असते. तिथून केसिंग पट्टीत तार नेता येते, फक्त विजेच्या तारेपासून ती वेगळ्या पट्टीत ठेवायला सांगा. दोन्ही टोकांना कनेक्टर बसवून झाले की टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात का ते त्याच्यासमोर पाहा, आणि मगच पट्टीचे झाकण बसवू द्या.